फॉर्मॅट मारायची घाई नको

पत्र: नमस्कार. सांगलीत मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. टॅली, जीएसटी, ई-वे बिलं हे सगळं मी बघते. संगणक विंडोज १० चा, सहा-सात वर्षांचा आणि अलीकडे फार हळू चालणारा. महिनाभर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे चौकोन येतात, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’, ‘तुमचा अँटिव्हायरस आज संपतोय’. एकदा अख्खी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला आणि मायक्रोसॉफ्टचा म्हणून एक फोन नंबर दिसला. लावला नाही. दुरुस्तीवाला म्हणतो फॉर्मॅट मारू, अँटिव्हायरस टाकू. सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या, फोनवर तर काही न उघडताच जाहिराती येतात. आणि परवा दुकानात हळद पॉलिश करायच्या मशिनचं नुसतं बोलणं झालं, तर संध्याकाळी माझ्या फेसबुकवर तीच मशिन. फोन ऐकतो का? काय करू?
एक वाचक, सांगली

ताई, नंबर लावला नाहीत हे बरं केलंत. आता दुरुस्तीवाल्यालाही जरा थांबवा. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून, क्रोममधून कुठल्यातरी वेबसाइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली गेली असावी. ताडून बघायला मिनिटभर लागतं. पुढचा चौकोन आला की त्यावर क्लिक न करता नुसता वाचा. वर बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं असेल. मजकुराच्या आसपास फिकट अक्षरात एका वेबसाइटचं नाव असेल, बहुधा वाचताही न येणारी अक्षरांची माळ आणि शेवटी डॉट एक्सवायझेड नाहीतर डॉट टॉप. ढालीचं चित्र मात्र नावाजलेल्या अँटिव्हायरसचं, उचललेलं. व्हायरसचा इशारा ब्राउझरच्या नावाने आला की ती जाहिरात समजायची. संगणकाच्या आत काय आहे हे त्या वेबसाइटला दिसतच नाही, तर ती व्हायरस मोजणार कुठून?

काढायचं कसं ते सांगतो. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं, ‘सेटिंग्ज’, डावीकडे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. पान खाली सरकवलं की परवानगी मिळालेल्या साइटींची यादी येते. व्हॉट्सॲप वेब वापरत असाल तर तेवढं राहू द्या. बाकी एकाही वेबसाइटचं अडत दुकानाला तातडीने कळवण्यासारखं काही काम नसतं. प्रत्येक नावापुढच्या टिंबांवर जाऊन ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलंत तर तीच साइट पुन्हा परवानगी मागू शकते, ‘ब्लॉक’ केल्यावर ती विचारतही नाही. मग त्याच पानावर वर ‘डोन्ट अलाउ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स’ निवडून टाका. एज कोणी वापरत नाही असं वाटत असलं तरी तिथेही हेच करा. पीडीएफवर दोनदा क्लिक केलं की बहुतेक ठिकाणी एजच उघडतो, आणि त्यातून माणूस पुढे कुठेही जातो.

ही परवानगी दुकानातल्याच कोणीतरी दिलेली असणार, नकळत. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारं पान, पीडीएफ जोडून देणारं पान, सिनेमा उतरवायचं पान, आणि मध्येच ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’. खरी तपासणी चौकटीत टिक करायला लावते, नाहीतर चित्रांतले सिग्नल आणि बस ओळखायला लावते. ‘अलाउ’शी तिचा काही संबंध नसतो. तेव्हा बिलं करणाऱ्या पोराला बोल लावू नका, फसवण्यासाठीच बांधलेलं पान आहे ते.

पण त्याला एक गोष्ट मात्र शांतपणे विचारा. ‘विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर’ असं सांगणारं पान कधी आलं होतं का, आणि त्याने तसं केलं का? हा प्रकार वेगळा आणि फार वाईट. त्या पानाने गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांत आपण ती आपल्याच हाताने चालवतो. त्यातून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा प्रोग्राम आत येतो. उत्तर ‘हो’ आलं, तर इंटरनेटची वायर काढा, दुसऱ्या फोनवरून ईमेल, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड बदला, आणि त्या परिस्थितीत दुरुस्तीवाल्याचंच ऐका, फॉर्मॅट मारा.

लाल स्क्रीन म्हणजे साधं वेब पान, पूर्ण पडद्यावर पसरवलेलं. माउस चालेनासा वाटतो, कारण पानाने बाण लपवलेला असतो. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ ४. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, क्रोम निवडा आणि ‘एंड टास्क’. क्रोम पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर पेजेस’ असं विचारेल, तिथे हो म्हणालात की तेच पान परत येतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर लावला असता, तर पलीकडच्या माणसाने स्क्रीन दुरून चालवायचं ॲप टाकायला लावलं असतं आणि मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची लांबच लांब यादी दाखवली असती. त्या लाल खुणा आज दुकानातून आणलेल्या कोऱ्या संगणकातही असतात.

नोटिफिकेशन बंद केल्यावर चौकोन थांबले तर काम झालं. न थांबल्यास, किंवा गूगलवर शोधल्यावर भलतंच शोध-पान उघडत असेल तर, क्रोमच्या तीन टिंबांतून ‘एक्स्टेन्शन्स’, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघा आणि कशासाठी आहे ते सांगता येत नाही असं प्रत्येक काढा. ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘कूपन’, ‘व्हिडिओ डाउनलोडर’ ही नेहमीची नावं. फॉर्मॅटने हे का जात नाही, तेही ऐका. क्रोममध्ये गूगल खात्याने लॉगिन केलेलं असतं, एक्स्टेन्शन्सची यादी त्या खात्यात जपलेली असते. फॉर्मॅटनंतर तुम्ही लॉगिन करता आणि पाहुणे परत हजर. मग विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’, यादी तारखेप्रमाणे लावा, आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आलंय ते बघा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि ‘पीसी क्लीनर’ जातीचं काहीही असेल तर डोळे झाकून काढा, फुकटचं असो की विकतचं.

अँटिव्हायरस विकत घ्यायची तुम्हाला गरज दिसत नाही. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस दुकानासाठी पुरतो. मुदत संपलेला दुसरा अँटिव्हायरस पडून असेल तर तो आधी काढा, कारण तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसलेला असू शकतो. मग ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटं तपासत बसतो. दुकान बंद करायच्या वेळी लावा.

फॉर्मॅटला माझा एवढा विरोध का, तर अडत दुकानाच्या संगणकात चित्रं-गाणी नसतात, व्यवहार असतो. टॅलीचा डेटा बहुधा सी ड्राइव्हवरच असतो आणि फॉर्मॅटमध्ये सी ड्राइव्हच पुसला जातो. मारायचाच ठरला तर आधी टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का ते बघा, आणि टॅलीचं लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे नंतर ॲक्टिव्हेट करताना अडत नाही. डिजिटल सहीचा टोकन चालायला त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या साइटीवर सही करायला लागणारं ईएमसायनर पुन्हा टाकावं लागेल. जुनी पत्रं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये केलेली असतील तर ते फॉन्टही वेगळे जपा. नाहीतर आण्णांनी केलेली दहा वर्षांची पत्रं इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर येतील. दुरुस्तीवाला हे विचारत नाही. त्याला विंडोज टाकायचे पैसे मिळतात, टॅली सुरू करायचे नाही.

आता जाहिराती मुळातच कमी कशा करायच्या. फायरफॉक्स उतरवा आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन टाका, पुरतं नाव बघून. नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाने दुसऱ्याच कोणाची वस्तू फिरते. क्रोमने एक्स्टेन्शन्सचे नियम बदलले आणि जुनं यूब्लॉक ओरिजिन २०२५ मध्ये तिथून बाद झालं. क्रोमवरच राहायचं असेल तर ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळतं. ते थोडं कमी अडवतं, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

इथे एक गोम आहे. ब्लॉकर लावला की कधीकधी सरकारी साइटी रुसतात. ई-वे बिलाची प्रिंट नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर ती पॉप-अप समजून अडवतो. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून त्या साइटीला कायमची मुभा द्या. यूब्लॉकमध्येही त्याच्या चिन्हावर क्लिक केलं की वीजबटणासारखं मोठं बटण दिसतं, ते दाबलं की ब्लॉकर फक्त त्या साइटीपुरता बंद होतो. आणि ई-वे बिलाचं पान दर वेळी गूगलवर शोधू नका, एकदाच नीट पत्ता घालून बुकमार्क करा.

जाहिराती अडवणं म्हणजे वेबसाइटवाल्याच्या पोटावर पाय नाही का, असं काही वाचक विचारतात. घरी, रोज वाचता त्या मराठी बातम्यांच्या साइटीला खुशाल सूट द्या. दुकानाच्या संगणकावर मला हा प्रश्नच पडत नाही. पान उघडताना जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो, सेकंदाच्या दहाव्या भागात सौदा संपतो, आणि आपल्या पानावर कोणाची जाहिरात बसली हे साइटीच्या मालकालाही ठाऊक नसतं. त्याच वाटेने पंख्याची जाहिरात येते आणि त्याच वाटेने लाल स्क्रीनही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना उघड सल्ला दिला की शोधाशोध करताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा. आणि ज्याने नव्वदच्या दशकात ट्रायपॉड कंपनीत पहिली पॉप-अप जाहिरात लिहिली, त्या ईथन झुकरमनने २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली होती. बाकीच्या धंद्याने ती अजून मागितलेली नाही!

विंडोजच्या स्वतःच्या जाहिराती हा वेगळा वैताग. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’, ‘नोटिफिकेशन्स अँड ॲक्शन्स’, आणि तिथल्या टिप्स आणि सजेशन्सच्या टिका काढा. ‘पर्सनलायझेशन’मध्ये ‘स्टार्ट’, तिथे ‘शो सजेशन्स’ बंद. खालच्या पट्टीवर हवामान आणि बातम्या उघडत असतील तर पट्टीवर उजवं क्लिक, ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’, ‘टर्न ऑफ’.

मात्र एक सूचना जाहिरातीसारखी दिसत असली तरी खरी आहे. विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज खात्यात साठवायला दिल्या की ती फुकट होते. दरम्यान ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचं ॲप चालवून बघा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल तर विंडोज ११ चालेल. असेम्बल केलेल्या संगणकात टीपीएम बरेचदा असतो पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो, तेव्हा ‘चालणार नाही’ असं उत्तर आलं तर आधी तेवढं बघायला सांगा. आणि संगणक हळू चालतो त्याचं कारण टास्क मॅनेजरमध्ये दिसेल. ‘डिस्क’खाली सारखं १०० टक्के दिसत असेल तर आत बहुधा जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी अडीच इंची २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. अँटिव्हायरसच्या वार्षिक फीपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल.

आण्णांच्या फोनकडे वळू. काही न उघडता पूर्ण पडद्यावर जाहिरात येते म्हणजे कुठलंतरी ॲप ती टाकतंय. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोन साफ करणारं, पंचांग, रिंगटोन, यांतलंच एखादं. पकडायची वेळ म्हणजे जाहिरात समोर असताना. ती बंद करू नका. खालचं चौकोनी बटण, म्हणजे अलीकडची ॲप्स दाखवणारं, दाबा. जाहिरातीच्या कार्डावर वर एक चिन्ह असेल, ते दाबून धरा, ‘ॲप इन्फो’ उघडा, ‘अनइन्स्टॉल’. चतुर ॲप स्वतःचं चिन्ह लपवतं, मग तिथे कोरी जागा दिसते. अशा वेळी ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ या यादीत जा. दुसऱ्या ॲपवर चढून बसायची मुभा टॉर्चला कशाला हवी? ‘अनइन्स्टॉल’ फिकट पडून दाबलं जात नसेल तर ‘सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मधून त्याचा अधिकार आधी काढा. टॉर्च तर वरून पट्टी ओढली की मिळते आणि क्यूआर पैसे पाठवायच्या ॲपमध्येच वाचला जातो, तेव्हा ही ॲप्स परत टाकायची गरज नाही. लॉक असलेल्या फोनवर रोज नवं चित्र आणि खाली बातमी येत असेल, तर ते कंपनीचंच आहे. ‘लॉक स्क्रीन’च्या सेटिंगमध्ये ‘ग्लान्स’ किंवा ‘वॉलपेपर कॅरोसेल’ बंद करा. फोन शाओमीचा असेल तर ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ शोधून त्यात ‘एमएसए’, म्हणजे कंपनीचं जाहिराती दाखवणारं ॲप, बंद करा. ते १० सेकंद थांबवून विचारतं, खरंच बंद करू का? करा.

मग एकच गोष्ट, अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा आणि तिथे ‘डीएनएस, टिंब, ॲडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम’ हे नाव इंग्रजीत, जागा न सोडता घाला. ॲप जाहिरात मागायला जातं तेव्हा जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ताच त्याला मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. बाहेरच्या वाय-फायला नेट अडकलं तर हेच सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर आणायचं, एवढं आण्णांना शिकवून ठेवा.

आणि हळदीची मशिन. फोनने ऐकण्याची गरजच नसते. बोलणं झालं ते कोणाशी? त्या गिऱ्हाइकाने किंवा तुमच्याच माणसाने दुकानाच्या वाय-फायवरून ती मशिन शोधली असेल, तर जाहिरातवाल्याला एकाच इंटरनेट पत्त्यावरचे फोन दिसतात. एखाद्या प्रदर्शनात मशिनवाल्याला तुम्ही मोबाइल नंबर दिला असेल, तर असे नंबर फेसबुकला पुरवून ‘याच लोकांना दाखवा’ असं सांगता येतं. शिवाय सांगली, वय आणि शेतमालाचा व्यापार एवढं कळलं तरी तुम्हाला ती मशिन दाखवणं जाहिरातवाल्याला परवडतं. विश्वास नसेल तर त्या जाहिरातीवरची तीन टिंबं दाबा, ‘ही जाहिरात का दिसते’ याचं उत्तर फेसबुक तिथे देतं, अर्धवट का होईना. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असताना वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. काहीच करत नसताना तो दिसला तर ‘परमिशन मॅनेजर’मध्ये ‘मायक्रोफोन’ उघडून गरज नसलेली ॲप्स काढा. आणि ‘सेटिंग्ज’, ‘गूगल’, ‘ॲड्स’मध्ये जाऊन जाहिरातीचा आयडी डिलीट करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण तुमच्या मागे मागे फिरणं कमी होईल.

शेवटचं आण्णांसाठी, आणि हे सगळ्यांत तातडीचं. ‘कस्टमर केअर’ म्हणून गूगलवर नंबर शोधायचा नाही. वरच्या निकालांवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून बसवलेली जागा, आणि ती कोणीही विकत घेतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो. ‘आज रात्री वीज तोडू’ असा निरोप साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो महावितरणचा नसतो, त्यांचे नंबर १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल उघडायची नाही. पत्रिका चित्र नाहीतर पीडीएफ असते, ॲप नसते. आणि पैसे गेलेच तर बँकेच्याही आधी १९३० ला फोन, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आले तर मिळण्याची आशा असते. हे चारही नंबर आजच त्यांच्या फोनमध्ये नावानिशी सेव्ह करून द्या.